शेवंतीचा आडोसा

"अगं, नवरीसारखी उभी राहा की! पोटात दुखतंय काय?"

"नवरी होऊन एकतीस वर्षं झाली," स्टेजवरून बायको म्हणाली. "आता एवढंच जमतं. दिसतेय का ते सांगा लवकर, पाय गारठलेत माझे."

सुतळी खुर्चीत बसला होता. त्याच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, बांबूची सात फुटी चौकट उभी होती आणि तिच्यात पांढरा रंग दिलेल्या वाळक्या काटक्या आडव्या-उभ्या विणलेल्या होत्या. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला त्याने वहीच्या पानाएवढी खिडकी सोडली होती. त्या खिडकीतून स्टेजच्या बरोबर मधोमध उभी असलेली बायको त्याला गुडघ्यापर्यंत दिसत होती.

"आता खुर्चीत बस. हं! बसलेलीही दिसतेस. नाकातली चमकीसुद्धा दिसतेय."

"तुम्ही मात्र अजिबात दिसत नाही," ती म्हणाली. "मागे कोणी आहे असं वाटतसुद्धा नाही."

"मग! तीच तर करामत आहे!"

बायको काही बोलली नाही. खाली उतरून तिने पायात चपला सरकवल्या आणि स्टेजच्या झालरीला टाके घालायला बसली. ती बोलली नाही याचा अर्थ तिला बरंच बोलायचंय, हे सुतळीला एकतीस वर्षांत पाठ झालं होतं. पण लग्न उद्यावर आलं होतं आणि हॉलच्या चार खांबांना अजून कापडसुद्धा लागलं नव्हतं. म्हणून त्यानेही विचारलं नाही.

त्याला सुतळी हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. अंगाने वाळका आणि गळ्यात कायम सुतळीचं भेंडोळं, म्हणजे दुसरं नाव शोधायची गरजच नव्हती. लग्नाच्या सजावटीत त्याचा हात धरणारा त्या गावात कोणी नव्हता. फुलं काय, कोणीही लावतं. सुतळीचं खरं कसब झाकण्यात होतं. भिंतीला तडा गेलाय? सुतळीला बोलवा. स्टेजच्या मागे विजेचे मीटर आहेत, कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे, छताला ओल आलीय? सुतळी यायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "झाकली मूठ सव्वा लाखाची! तुम्ही घोर लावून घेऊ नका." एकदा तर स्टेजमागे गाढ झोपलेला रखवालदार काही केल्या उठेना, तेव्हा त्याने त्याच्यासकट पडदा मारला होता. हा किस्सा तो प्रत्येक लग्नात सांगायचा आणि लोक प्रत्येक लग्नात हसायचे.

या आडोशाची कल्पनाही त्याचीच होती. कोणी विचारलेलं नसताना त्याने ती दिली होती, हे महत्त्वाचं.

आठ दिवसांपूर्वी तो नवरीच्या घरी माप घ्यायला गेला होता. थंडीतलं लग्न, त्यामुळे नवरीला सगळं पांढरं हवं होतं. पांढरी शेवंती, पांढऱ्या काटक्या, बारीक दिवे. दाराची रुंदी मोजत असताना त्याला आतल्या खोलीतलं बोलणं ऐकू आलं.

"ताईंचं काय करायचं?" नवरीचे वडील विचारत होते.

"काय करायचं म्हणजे? पहिल्या रांगेत बसेल," नवरीची आई म्हणाली.

"आणि हसल्या तर?"

ताई म्हणजे आईची थोरली बहीण, नवरीची मावशी. आईची नोकरी पाळ्यांची, म्हणून नवरीला लहानाची मोठी मावशीनेच केलं होतं. वेणी घालण्यापासून गोवरात रात्र रात्र बसण्यापर्यंत सगळं तिने केलं, स्वतःचा संसार मांडायचा राहूनच गेला. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. डावा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. तेही एक वेळ चाललं असतं. पण झटक्याने तिचं हसणं-रडणं बिघडवून टाकलं होतं. रडू यायचं तिथे तिला हसू फुटायचं आणि तेही मोठ्याने, घोगरं, आवरता न येणारं. बोलणी करायला मुलाकडची मंडळी आली होती तेव्हा मुलाचे आजोबा आपल्या गेलेल्या बायकोची आठवण सांगत होते. मावशीला ते ऐकून भडभडून आलं आणि ती खो खो हसत सुटली. आजोबा चहाचा कप तसाच ठेवून उठले. ते लग्न मोडता मोडता राहिलं.

"घरीच राहू दे त्यांना," वडील म्हणाले. "शेजारच्या काकू बसतील सोबतीला."

"मुलीचं लग्न आणि ताई घरी?" आईचा आवाज चिरकला.

तेव्हा सुतळीने हातातली टेप गुंडाळली आणि दारातून डोकं आत घातलं. "साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. मी एक सुचवू?"

त्याने सुचवलं. स्टेजच्या उजव्या अंगाला एक आडोसा उभा करायचा, फुलांचा. मागे एक खुर्ची. ताईंना सगळं दिसेल, ताई कोणाला दिसणार नाहीत. हसू आलंच तर जवळच वाजंत्री बसवू, त्यात विरून जाईल. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

वडिलांचा चेहरा उजळला. आई म्हणाली, "आणि ताईला काय सांगू? तुला लपवलंय म्हणून?"

"छे हो! थंडीचे दिवस आहेत. वारा लागू नये म्हणून आडोसा केलाय, असं सांगायचं."

वडिलांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिला पटलं असावं असं सुतळीने धरून चाललं आणि घरी जाताना तो स्वतःवर बेहद्द खूश होता.

बायकोला सांगितलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "आजवर भिंती झाकल्यात. आता माणसं?"

"माणसं काय माणसं! ते घरीच ठेवणार होते तिला. माझ्यामुळे बिचारीला लग्न तरी बघायला मिळेल."

हेही खोटं नव्हतं. म्हणूनच तर त्याला त्या रात्री छान झोप लागली.

लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता शेवंतीच्या टोपल्या आल्या. हॉलमध्ये इतका गारठा की बोललं की तोंडातून वाफ निघत होती. बायको स्टेजवर लागली आणि सुतळी आडोशाला भिडला. फुलांचे देठ काटक्यांत खोचताना बोटं बधिर होत होती, पण त्याला भान नव्हतं. खाली दाट, वर विरळ. कडेने कळ्या, मध्ये टपोरी फुलं, खिडकीभोवती बारीक पानं अशी की खिडकी आहे हे सांगूनही कळू नये. मध्येच तो मागे जाऊन खुर्चीत बसायचा, खिडकीतून बघायचा, पुन्हा पुढे यायचा. दिवे लावले तेव्हा तो स्वतःच दोन पावलं मागे सरकला. तीस वर्षांत असं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. स्टेज या आडोशापुढे फिकं पडलं होतं.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

बायको बघत राहिली. "सुंदर आहे," ती म्हणाली आणि वळून कामाला लागली. तिने ते ज्या तऱ्हेने म्हटलं ते त्याला आवडलं नाही.

पाहुणे यायच्या आधी बाजूच्या दाराने मावशीला आणलं. उजव्या हातात काठी, डाव्या खांद्यावरून जांभळी शाल, शालीला पिनेने अडकवलेला रुमाल. केस चापूनचोपून बसवलेले. नवरीच्या आईने तिला खुर्चीत बसवलं, पायांवर चादर टाकली आणि म्हणाली, "इथे वारा नाही लागणार हं ताई तुला. मी येतेच मधून मधून." एवढं बोलून ती गेली. सुतळीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

सुतळी एक काटकी नीट करायच्या निमित्ताने तिथेच घुटमळला. मावशी आडोशाकडे बघत होती. मागची बाजूही त्याने सोडली नव्हती, तिथेही फुलं होती.

"हे..." शब्द तिच्या तोंडातून जड होऊन यायचे, पण कळायचे. "हे तुम्ही केलं, भाऊ?"

"हो, ताई."

"माझ्यासाठी?"

सुतळीने नजर काटकीवर ठेवली. "हो."

तिने रुमालाने ओठाचा कोपरा टिपला. "एवढं... कोणी केलं नव्हतं. माझ्यासाठी." मग ती हॉलभर बघून घेत म्हणाली, "वारा कुठून येतो?"

हॉलला दारं दोनच होती. मोठं दार पार पलीकडच्या टोकाला आणि बाजूचं दार बंद करून त्याला कडी घातलेली. सुतळीने वर बघितलं. "त्या... त्या झरोक्यांतून येतो जरा."

झरोक्यांना काचा होत्या. त्या काचांवर त्याने कालच पांढरं कापड ताणून बसवलं होतं आणि ते कापड जराही हलत नव्हतं. मावशीने वर बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तिने नजर खाली आणली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "थंडी वाईटच."

आणि सुतळीला कळलं, की हिला कळलंय. तिला सगळं कळलंय आणि खोटं बोलणाऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून ती बरं म्हणतेय. कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर त्याने झेलल्या असत्या. त्या एका 'बरं'ने मात्र त्याचे कान तापले. काटकी नीटच होती. ती त्याने उगाच मोडली आणि दुसरी लावली.

"ती आली की मी हात करेन," मावशी म्हणाली. "दिसेल ना तिला? या खिडकीतून?"

"दिसेल की," सुतळी म्हणाला आणि पुढच्या बाजूला निघून आला.

तासाभरात हॉल भरला. कोट, शाली, स्वेटर, मफलर. वाजंत्री सुरू झाली. सुतळी खांबाशी उभा राहून सगळीकडे लक्ष ठेवत होता, कुठे दिवा बंद पडतोय, कुठे कापड सुटतंय. लाल कोटातली एक मुलगी आडोशापाशी थांबली, "अय्या, कित्ती सुंदर!" म्हणाली आणि मैत्रिणीला फोटो काढायला लावला. मग ती मैत्रीण उभी राहिली. मग एक जोडपं, मग कोणाची तरी आजी आणि पाच नातवंडं. फोटोग्राफरच म्हणायला लागला, "स्टेजपेक्षा इथे छान येतोय फोटो, या या, रांगेत या."

सुतळीची छाती फुगली, खोटं कशाला बोला! लोक विचारत होते, कोणी केलंय हो हे? आणि दुसरे त्याच्याकडे बोट दाखवत होते. घटकाभर तो 'बरं' विसरला. स्टेजवर लग्न लागलं, टाळ्या झाल्या, वाजंत्री दणाणली, त्यानेही टाळ्या वाजवल्या. आडोशापुढची रांग काही हटली नव्हती.

मग त्याला वाटलं, बाईला चहा तरी नेऊन द्यावा. कप घेऊन तो मागे गेला.

मावशी खिडकीकडे तोंड करून ताठ बसली होती. चालत्या हाताच्या मुठीत रुमाल होता.

"काय ताई, दिसतंय ना नीट?"

"पाठी," ती म्हणाली.

"काय?"

"पाठीच दिसतात. आधी लाल कोट होता. मग काळा. मग..." ती शब्द शोधत थांबली. "मग गर्दी. लग्न लागलं का?"

सुतळीने खिडकीकडे बघितलं.

"टाळ्या झाल्या," मावशी म्हणाली. "म्हटलं, लागलं असेल."

त्याने वाकून खिडकीतून बघितलं. वहीच्या पानाएवढ्या त्या चौकोनात एका माणसाचा करडा कोट होता, कोटाची शिवण होती, बाकी काही नव्हतं. इतकं देखणं केलं होतं त्याने, की सगळं लग्न येऊन तिच्या डोळ्यांपुढे पाठ करून उभं राहिलं होतं. काम जरा वाईट झालं असतं तर तिला दिसलं असतं! धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. कप तिच्या हाताशी ठेवून तो धावतच पुढे आला.

"इथे उभं राहू नका. चला, चला, तिकडे व्हा."

"का हो?" करड्या कोटवाल्याने विचारलं.

मागे एक बाई बसलीय, तिला दिसत नाही. एवढंच वाक्य होतं. जिभेच्या टोकावर होतं. सुतळीने तोंड उघडलं आणि म्हणाला, "रंग ओला आहे."

त्या माणसाने काटकीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि म्हणाला, "कुठे ओला? ठणठणीत वाळलाय की." सगळे हसले. पुढची चार माणसं येऊन उभी राहिली.

तेवढ्यात नवरीचे वडील लगबगीने आले. "काय चाललंय? काढू द्या ना लोकांना फोटो. सगळे नाव काढतायत तुमचं."

"साहेब, मागे ताई आहेत. त्यांना काहीच दिसलं नाही हो."

"हळू बोला!" वडिलांनी चारी बाजूंना बघितलं. त्यांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "बऱ्या आहेत ना? हसल्या-बिसल्या नाहीत ना? मग झालं. एवढे फोटो निघतायत, घरी गेल्यावर दाखवू सगळे. आता एवढ्यासाठी घोळ नको."

सुतळी काय बोलणार? घोळ त्यानेच घातलेला. तो आडोशाच्या कडेला उभा राहिला, जिथून पुढचंही दिसायचं आणि मागचंही, आणि जमेल तसं लोकांना बाजूला सारत राहिला.

मग नवरीच आली. मैत्रिणींनी तिला ओढत आणली होती, "इथे काढायलाच पाहिजे, सगळ्यांनी काढलेत!" नवरा स्टेजवर कोणाच्या तरी पाया पडण्यात अडकला होता. तिने अंगावरची शाल काढून मैत्रिणीकडे दिली आणि आडोशाला पाठ लावून उभी राहिली.

"काका, हे तुम्ही केलंत? सगळ्यात सुंदर हेच झालंय," ती सुतळीला म्हणाली. मग मैत्रिणीकडे वळून, "मावशी कुठेय गं? सकाळपासून शोधतेय. बाबा म्हणतात आराम करतेय आतल्या खोलीत. हा फोटो झाला की जाऊ या आपण."

सुतळीने मागे बघितलं. मावशी खुर्चीत पुढे सरकली होती. खिडकीत आता नवरीची पाठ होती, मान होती आणि मानेवर घट्ट बांधलेले केस. एका वितीवर. मावशी ते केस बघत होती, वेणी नीट बसलीय का बघावं तसं. मग तिची नजर खाली आली. नवरीच्या पाठीवरचा सगळ्यात वरचा हूक सुटला होता.

मावशीचा उजवा हात खिडकीतून बाहेर आला. पानांमधून दोन बोटं आली, मग अंगठा. हुकाशी पोचली. हुकाची एक बाजू धरून तिने ओढली, पण दुसरी बाजू धरायला कोणी नव्हतं. हूक लावायला दोन हात लागतात. तिने पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. मग बोटं तशीच हळूच मागे गेली.

"आत्ता कोणी हात लावला का मला?" नवरीने मान वळवली.

सुतळीला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं, की तेव्हा बोलायला हवं होतं. नुसतं बोटाने दाखवलं असतं तरी झालं असतं. त्याला नवरीचे वडील दिसत होते, दहा पावलांवर, मुलाच्या आजोबांना खुर्ची देत होते. त्याला फोटोग्राफर दिसत होता, रांग दिसत होती. आणि त्याच्या तोंडून निघालं, "काटकी लागली असेल. तुमचा मागचा हूक सुटलाय."

"काटकीच असेल," मैत्रीण म्हणाली आणि दोन हातांनी हूक लावून मोकळी झाली.

मागून तो आवाज आला तेव्हा वाजंत्री नेमकी थांबली होती. घोगरा, मोठा, आवरता न येणारा. मावशी हसत होती. तिला कधी हसू येतं ते सुतळीला माहीत होतं, म्हणून ते हसणं त्याला ऐकवेना.

"कोण हसलं?" रांगेतलं कोणीतरी म्हणालं.

नवरीचे वडील पांढरेफटक पडले होते. आणि सुतळीने काय करावं? तो हसला. पोट धरून, तोंड वासून, मागच्या आवाजावर आपला आवाज चढवून तो खो खो हसला. "मी! मीच हसलो! ती रखवालदाराची गंमत आठवली. एकदा काय झालं, एका लग्नात..." आणि त्याने तो किस्सा सांगायला सुरुवात केली, मोठमोठ्याने, हातवारे करत. लोक हसायला लागले. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. मागचं हसणं कधी थांबलं ते त्यालाही कळलं नाही.

नवरी तेवढी हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, कपाळाला आठी घालून, काहीतरी आठवायचा प्रयत्न करावा तशी. "चला, चला, तिकडची मंडळी खोळंबलीत," म्हणत वडील आले आणि तिला हाताला धरून घेऊन गेले.

सुतळी पाण्याच्या पिंपापाशी गेला. दोन भांडी पाणी प्यायला. बायको तिथे उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. त्याच्या हातातलं भांडं घेऊन तिने पिंपावर पालथं घातलं.

दुपार कलली. जेवणं आटोपली, नवरीची गाडी गेली, रडारड झाली, तिच्या मागोमाग बाकीच्याही गाड्या गेल्या. साडेचारला हॉलमध्ये फक्त खुर्च्या उरल्या आणि जमिनीवर तुडवलेली फुलं. हॉल पाचला रिकामा करून द्यायचा होता. बायकोने स्टेजचं डाव्या बाजूचं कापड उतरवून घड्या घातल्या. सुतळी आडोशाकडे आला. त्याच्याकडे बघायचीही त्याला इच्छा नव्हती. चौकटीला बांधलेल्या सुतळ्या त्याने फटाफट कापल्या आणि अख्खी चौकट उचलून बाजूला भिंतीला टेकवली.

मागे मावशी बसलेली होती.

पायांवर चादर, खांद्यावर जांभळी शाल, काठी गुडघ्यांत धरलेली. चहाचा कप तसाच, वर साय धरलेला.

"ताई!" सुतळी चौकट सोडून पुढे आला. "तुम्ही अजून इथेच?"

"कोणी आलं नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगणं होतं. "गडबड असते. येतील."

आईला वाटलं असेल वडिलांनी नेलं, वडिलांना वाटलं असेल आईने. इतकं चोख झाकलं होतं सुतळीने, की घरच्यांनाही तिथे माणूस आहे याचा विसर पडला. बायको झालर तशीच टाकून हॉलच्या ऑफिसात फोन करायला पळाली.

सुतळी मावशीच्या पुढ्यात उभा राहिला. गळ्यातलं भेंडोळं काढून त्याने हातात घेतलं, त्याचं काय करायचं ते त्याला कळेना.

"ताई, तो आडोसा वाऱ्यासाठी नव्हता."

"माहीत आहे."

"मीच सुचवला होता. त्यांना कोणाला सुचलं नव्हतं, मीच सांगितलं. आणि मघाशी मी... काटकी म्हटलं." त्याने भेंडोळं बोटांभोवती गुंडाळलं. "माझी मला लाज वाटते हो, ताई."

मावशीने रुमालाने ओठ टिपले. तिला आता हसू फुटेल असं त्याला वाटलं, पण तसं काही झालं नाही. तिने फक्त मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "जरा बाजूला होता का?"

तो चटकन बाजूला झाला.

समोर स्टेज होतं. डाव्या अंगाची भिंत उघडी पडली होती, तिच्यातला तडा छतापर्यंत दिसत होता. उजव्या अंगाला कापड होतं, शेवंती होती, अर्ध्या दिव्यांची माळ अजून लागलेली होती आणि मधोमध दोन रिकाम्या खुर्च्या होत्या.

"हं," मावशी म्हणाली. "इथे बसली होती होय."

ती बघत राहिली. बायको परत आली आणि म्हणाली, "निघालेत, पंधरा मिनिटांत येतात." मग स्टेजकडे बघून तिने हळूच विचारलं, "उरलेलं उतरवू का?"

सुतळीने मान हलवून नको म्हटलं. हॉलचा माणूस दारात येऊन घड्याळ दाखवून गेला, पुन्हा येऊन गेला. गाडी येईपर्यंत सुतळीने स्टेजची एकही गाठ सोडली नाही.